‘नॅनो’ जेल लावूनही गजकर्ण का हटत नाही?

वाचकाचं पत्र: देवगडजवळच्या एका गावातून लिहिते आहे. आठ महिने झाले, घरात चौघांना गजकर्ण आहे. पहिल्यांदा मिस्टरांना जांघेत झालं, ते ट्रॉलरवर जातात. मग मला कमरेला, मुलाला पाठीवर आणि आता सासूबाईंना छातीखाली. सासूबाईंना मधुमेह आहे, हृदयाच्या आणि पित्ताच्या गोळ्या चालू आहेत. दुकानातून आणलेल्या मलमांनी चार दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट यायचं. गेल्या महिन्यात दुकानदारानं ‘नॅनो’ लिहिलेलं १५ ग्रॅमचं महागडं जेल दिलं. औषध थेट बुरशीच्या पेशीत जातं म्हणाला. चौघांनी लावलं, संपलं, फरक नाही. मुंबईचे दीर म्हणतात, कोरोनात काळ्या बुरशीवरची इंजेक्शनं नॅनोच होती, तीच का घेत नाही? सासूबाईंना तर आता आपल्या गजकर्णाचीच काळी बुरशी होईल अशी भीती बसली आहे. हे नॅनो खरं की नुसतं नाव? आणि आम्ही नेमकं काय करायचं?

ताई, आधी सासूबाईंची भीती घालवू. गजकर्णाची काळी बुरशी होत नाही. दोन्ही बुरशा वेगळ्या कुळातल्या आहेत. गजकर्णाची बुरशी केराटिनवर, म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं यांवर जगते आणि त्याखाली सहसा उतरत नाही. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिसची बुरशी, नाकातून सायनसमध्ये शिरते आणि रक्तवाहिन्याच बंद पाडते. रक्त न मिळाल्यानं तिथलं मांस मरून काळं पडतं, म्हणून ती ‘काळी’. सासूबाईंची साखर वाढलेली असताना चेहऱ्याची एक बाजू दुखायला लागली, नाकातून रक्ताळ किंवा काळपट पाणी आलं, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, दात हलू लागले किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. छातीखालच्या खाजेचा याच्याशी संबंध नाही.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या इंजेक्शनात अँफोटेरिसिन-बी हे औषध असतं. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं, आवरण फुटतं आणि पेशी मरते. पण माणसाच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉलचा चुलतभाऊ, कोलेस्टेरॉल असतं आणि थोडं औषध त्यालाही चिकटतं. त्यामुळे जुन्या साध्या इंजेक्शननं हुडहुडी भरून ताप यायचा, पोटॅशियम घसरायचं, मूत्रपिंडं अधू व्हायची. यावर उपाय म्हणून हे औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळीच्या भिंतीत बसवलं. ही गोळी म्हणजे लायपोसोम. तिचा व्यास १०० नॅनोमीटरपेक्षा कमी असतो, आणि आपला एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. रक्तात फिरताना औषध गोळीतच राहतं, म्हणून मूत्रपिंडाला त्याचा मार कमी बसतो. संसर्गाच्या जागी सुजलेल्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, तिथून गोळ्या बाहेर पडतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही काही गोळ्या गिळून घेतात आणि त्या सोबत घेऊन जागेवर पोचतात. मग गोळी बुरशीच्या भिंतीला चिकटते आणि औषध आत सोडते. काही बुरशा तर या पांढऱ्या पेशींच्या पोटातच लपून वाढतात, क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा त्यांपैकी. तिथे ‘थेट पेशीत औषध’ हे शब्द अक्षरशः खरे ठरतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णाला होणाऱ्या क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये या लायपोसोमचा एकच डोस, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, अशी शिफारस केली. सोबत फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल या गोळ्या १४ दिवस. आपल्याकडेही हे तंत्र कोरोनात अचानक आलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोममधल्या अँफोटेरिसिनवर त्याच्या खूप आधी काम केलेलं आहे.

मग हेच इंजेक्शन तुम्हाला का नको? गजकर्णाची बुरशी जिथे राहते, तिथे रक्तच पोचत नाही. कातडीच्या वरच्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. शिरेतून दिलेला लायपोसोम मुख्यतः यकृत आणि प्लीहेकडे जातो. शिवाय ते रुग्णालयातच द्यायचं औषध आहे. काळ्या बुरशीत दर किलोला रोज ५ ते १० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५ च्या हिशेबानं रोज ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावं लागतं, सलाइनमध्ये मिसळलं तर औषध साक्याच्या रूपात खाली बसतं. एवढं करून रोज-दोन रोजांनी मूत्रपिंड आणि पोटॅशियमची तपासणी आलीच. जांघेतल्या गजकर्णासाठी हा घाट कोणीही घालू नये.

आता जेलबद्दल. ‘नॅनो’ हे औषधाचं नाव नाही, औषध वाहून नेणाऱ्या होडीचं आहे. होडीत कोण बसलंय ते ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आधी वाचायचं ते तेच. ल्युलिकोनॅझोल १ टक्का आहे, इट्राकोनॅझोल १ टक्का आहे, टर्बिनाफाइन १ टक्का आहे की अँफोटेरिसिन ०.१ टक्का? होड्याही अनेक जातींच्या आहेत. नॅनोइमल्शन म्हणजे पाण्यात तेलाचे अतिबारीक थेंब. इथोसोम म्हणजे मद्यार्क घातलेला मऊ लायपोसोम; खाजवून सोललेल्या जांघेत तो चांगलाच झोंबतो आणि मग माणूस दुसऱ्या दिवशी लावतच नाही. घन चरबीचे कण म्हणजे घरातल्या तापमानाला गोठलेली राहील अशा चरबीचे बारीक गोळे. आपल्या कोकमाचं मुठेल जसं हातात धरेपर्यंत घट्ट असतं, तशी चरबी. कायटोसान तर कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचापासून निघतं. त्यावर धन विद्युतभार असतो आणि बुरशीच्या भिंतीवर ऋण, म्हणून ते तिला चिकटून राहतं. (मुठेलाचं नाव घेतलं म्हणून गजकर्णावर मुठेल चोळू नका. भेगांना ते उत्तम, पण जांघेत त्याचा थर ओल कोंडून ठेवतो आणि बुरशीला तेच हवं असतं.)

कातडीवर या होड्यांनी खरा फायदा होतो, पण तो बेताचा. वरच्या थराच्या पेशी मेलेल्याच असतात, त्यामुळे ‘बाधित पेशीच्या आत’ नेण्याचा प्रश्नच इथे नसतो. सूक्ष्म कण थरातल्या पेशींमधल्या चरबीत विरघळतात आणि औषध तिथे साठवतात, म्हणून ते जास्त वेळ टिकतं. केसाच्या मुळाशी मात्र कण काम करतात. साधारण ३०० ते ६०० नॅनोमीटरचे कण केसाच्या खळगीत सर्वांत खोल उतरतात. बारीक लवेच्या मुळाशी शिरलेली बुरशी हेच गजकर्ण पुन्हा उलटण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणजे नॅनो हे थोतांड नाही. पण बाकीचं चुकलेलं असेल तर होडी कितीही चांगली असो, ती एकटी काही करत नाही. तुमच्या पत्रात चुकलेल्या गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे ती ‘चार दिवसांत बरं वाटवणारी’ मलमं. त्यांत स्टेरॉइड होतं हे जवळजवळ नक्की. स्टेरॉइड लालपणा आणि खाज दाबतं, त्यासोबत त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि बुरशी निर्धास्त पसरते. घरातली प्रत्येक ट्यूब काढून वाचा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती बाजूला ठेवा, पुन्हा लावू नका. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड अशी तीन-चार औषधांची भेळ एकाच ट्यूबमध्ये असते आणि वर नाव असतं साधंसं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं ‘अनुसूची एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मिस्टरांच्या जांघेत पांढुरके-जांभळे चिरल्यासारखे पट्टे उमटले असतील किंवा एका कड्यात दुसरं कडं दिसत असेल, तर ती स्टेरॉइडचीच खूण. चिरे कायम राहतात, पण स्टेरॉइड थांबवलं की वाढायचे थांबतात. थांबवल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळते. इथेच बहुतेकजण घाबरून पुन्हा जुनी ट्यूब उघडतात. त्या दिवसांत डॉक्टर रात्री खाजेची गोळी देतात, तेवढी घ्यावी. पोटात घ्यायची स्टेरॉइडची गोळी कोणाला चालू असेल तर ती मात्र परस्पर बंद करू नका.

दुसरी गोष्ट मोजमापाची. १५ ग्रॅम चौघांत कसं पुरणार? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं औषध बोटांसकट पसरलेल्या दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. प्रत्येकाला चार पंजे जागा धरली तर एका वेळेस प्रत्येकी १ ग्रॅम लागतं. दिवसातून एकदाच लावलं तरी घरात रोज ४ ग्रॅम. तुमची ट्यूब चार दिवसही पुरली नसेल. सहा आठवड्यांचा हिशेब १६८ ग्रॅम होतो, म्हणजे ३० ग्रॅमच्या सहा ट्यूबा. तेवढ्या पैशांत साधं ल्युलिकोनॅझोल पुरेसं घेणं हे महागडं नॅनो पुरवून पुरवून लावण्यापेक्षा कधीही चांगलं, आमचं मत स्पष्ट आहे. लावताना कड्याच्या बाहेर दोन बोटं कोऱ्या कातडीपासून सुरुवात करून आत यायचं, कारण जिवंत बुरशी कडेला असते आणि मधला भाग बरा झालेला दिसतो. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून लावा, वर पावडर नको. दोन मलमं एकत्र कालवू नका. दुसऱ्या मलमातल्या क्षारांनी नि साबणासारख्या फेसकांनी नॅनोचे कण फुटतात आणि नॅनोचे पैसे वाया जातात. जेल पत्र्याखालच्या फडताळात तापलं किंवा फ्रीजरमध्ये गोठलं तरी तेच होतं. ट्यूबमधून पाणी वेगळं आलं, दाणे लागले, तर ते टाकून द्या.

तिसरी गोष्ट बुरशीच्या प्रतिकाराची. भारतात सध्या पसरलेल्या गजकर्णात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आढळते. जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये तिचं हे नाव ठेवलं. टर्बिनाफाइन ज्या एन्झाइमला पकडून बुरशीला मारतं, ते एन्झाइमच या बुरशीत अनेकदा बदललेलं असतं. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली होडीतून आणली काय नि चालत आणली काय, दार उघडत नाही. तुमच्या जेलमध्ये टर्बिनाफाइन होतं का, हे म्हणूनच बघायचं.

आता काय करायचं. चौघांनी एकाच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा कणकवली-कुडाळकडे जे जवळ पडेल तिथे. एकट्यानं उपचार घेऊन घरात तिघांना खाज ठेवली तर महिन्याभरात पुन्हा तेच. कड्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी मागा. ती स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात होते. त्याआधी जमल्यास आठवडाभर काहीच लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. सासूबाईंची तपासणी तर व्हायलाच हवी. मधुमेहात छातीखाली ओलसर, लालभडक, कडेला बारीक पुटकुळ्या असलेला पट्टा असेल तर ती बहुधा कँडिडा नावाची वेगळी बुरशी, गजकर्ण नाही. तिला क्लोट्रिमॅझोल चालतं, टर्बिनाफाइन फारसं उपयोगी पडत नाही आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय ती परत परत येते.

इतकं पसरलेलं गजकर्ण नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं. बहुतेकदा इट्राकोनॅझोल, तेही आठवडे मोजून. ते रक्तातून कातडीच्या खालच्या थरात आणि तैलग्रंथींतून वर येतं आणि बंद केल्यावरही तीन-चार आठवडे वरच्या थरात टिकतं. इंजेक्शन जिथे पोचत नाही तिथे ही कॅप्सूल पोचते. १०० मिलिग्रॅमची जुनी कॅप्सूल भरल्या पोटी, व्यवस्थित जेवल्यावरच घ्यायची. तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून पित्ताच्या गोळीसोबत ती वाया जाते. ‘सुपर बायोअव्हेलेबल’ म्हणून ६५ मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते. तिच्यात औषध पॉलिमरमध्ये विरघळवून ठेवलेलं असतं, ते आतड्यात सुटतं आणि आम्लावर फार अवलंबून नसतं. आकडा लहान म्हणून औषध कमी असं समजून दोन घेऊ नका. सासूबाईंच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवल्याशिवाय इट्राकोनॅझोल सुरू करायचंच नाही. हृदय कमजोर असेल तर ते देत नाहीत, कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन गोळीसोबत चालत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत पाय सुजतात. घेताना दम लागला, पाय सुजले, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी झाली तर थांबवून लगेच दाखवायचं. महिन्याच्या वर चालणार असेल तर यकृताची तपासणी करून घ्यायची. गरोदर बाईनं ते घ्यायचं नाही. डाग गेले, खाज गेली तरी मलम पुढे दोन आठवडे, आणि गोळी डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवायची.

मिस्टरांचा करगोटा. तो दिवसरात्र ओला राहतो आणि बुरशी त्यात मुक्काम ठोकते. बरं होईपर्यंत काढून ठेवा. काढायचा नसेलच तर दर आठवड्याला नवा बांधा आणि जुना जाळा. ट्रॉलरवर खाऱ्या पाण्यानं भिजलेली चड्डी अंगावर वाळू देऊ नका. सोबत दोन कोरड्या सुती चड्ड्या आणि स्वतःचा पंचा न्यायचा, तो दुसऱ्याला द्यायचा नाही. त्यांच्या पायाची नखं जाड, पिवळी, भुगा पडणारी असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. नखातली बुरशी लावायच्या औषधानं क्वचितच जाते, आणि तिथूनच ती पुन्हा जांघेत येते.

चौघांचे कपडे, पंचे, चादरी वेगळ्या बादलीत न्हाणीतल्या चुलीवरच्या कढत पाण्यात, साधारण ६० अंशांच्या, अर्धा तास भिजवून धुवा. हात घालवत नाही इतकं पाणी हवं. पावसात पडवीतल्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, म्हणून घालण्याआधी इस्त्री करा, विशेषतः कमरेची शिवण आणि इलॅस्टिक, दोन्ही बाजूंनी. लावणीच्या दिवसांत चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या. चिखल्या झालेल्या असतील तर तिथेही औषध लागेल. टाकळ्याच्या बिया, लसूण, लिंबू, चुना यांनी सोललेली कातडी आणखी भाजते, ते सगळं बंद.

जेलची संपलेली ट्यूब, आधीची सगळी मलमं, रिकामी झालेलीसुद्धा, आणि सासूबाईंच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. आठ महिन्यांत काय काय लावलं हे तोंडी सांगण्यापेक्षा त्या ट्यूबांवरच्या नावांवरून त्यांना पुढचं औषध ठरवणं सोपं जाईल.